थकबाकी आणि पुरवठादार बदलण्याची मोकळीक

घेतलेले देणे फेडले पाहिजे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. तथापि, देणे फिटेपर्यंत ऋणकोने धनकोचे दार सोडू नये, बियाणे त्याच्याकडूनच घ्यावे, पिकलेले धान्य त्यालाच घालावे आणि दोन्ही वेळी भाव मात्र त्यानेच ठरवावा, ही गोष्ट निराळी. या दोहोंतील अंतर दख्खनच्या शेतकऱ्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोष मुख्यतः सावकाराच्या रोख्यांवर आणि चोपड्यांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. कर्ज बुडवावे, असे त्या कायद्याने सांगितले नाही. रोख्यावरचा आकडा कसा झाला हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची रीत बंद केली. देणे कायम राहिले. वसुलीच्या साधनांस मर्यादा पडली.

हाच प्रश्न आज वीज आणि गॅस यांच्या बाबतीत नव्या रूपाने उभा आहे. ज्या देशांत घरगुती ग्राहकास आपला पुरवठादार निवडता येतो, तेथे जुन्या पुरवठादाराची बाकी असलेल्या ग्राहकास नव्याकडे जाऊ द्यावे की नाही? बाकी हे कारण दाखवून त्यास अडवता येत असेल, तर किती रकमेसाठी आणि किती काळ? या प्रश्नाचा दीर्घ अनुभव ब्रिटनच्या पदरी आहे. आपल्याकडे परिस्थिती वेगळी असली तरी थकबाकी, जोडणी आणि ग्राहकाचा हक्क यांचा संबंध येथेही रोजचा आहे. यास्तव तेथील व्यवस्था समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तारा त्याच, बिल निराळे

ब्रिटनमधील नळाने येणाऱ्या गॅसचा सरकारी उद्योग १९८६ मध्ये खाजगी मालकीत गेला. विजेच्या खाजगीकरणाचा कायदा १९८९ मध्ये झाला. प्रारंभी घरगुती ग्राहकास निवडीला वाव नव्हता. ज्या भागात तो राहत असे, त्या भागातील कंपनीकडूनच त्यास पुरवठा घ्यावा लागे. १९९६ पासून गॅसच्या आणि १९९८ पासून विजेच्या बाबतीत निवडीचे दार टप्प्याटप्प्याने उघडण्यात आले. १९९९ च्या मध्यापर्यंत इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील प्रत्येक घरास दोन्हींचा पुरवठादार बदलता येऊ लागला. या बाजारावर 'ऑफजेम' या नियामक संस्थेची देखरेख असते.

पुरवठादार बदलला म्हणजे दारात नवी तार येते, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे काही घडत नाही. खांब, तारा, नळ व मीटर पूर्वीचेच राहतात. बदलतो तो ग्राहकाशी करार करणारा, त्यास दर सांगणारा आणि बिल पाठविणारा व्यापारी. ग्राहक नव्या पुरवठादाराकडे नाव नोंदवितो, नवा पुरवठादार जुन्यास कळवितो, ठरल्या दिवशी मीटरचा आकडा घेतला जातो आणि तेथून पुढचा हिशेब नव्याच्या वहीत जातो. जुलै २०२२ पासून हे सर्व साधारणतः ५ कामकाजी दिवसांत उरकावे, अशी व्यवस्था आहे.

यात एक पायरी अशी आहे की, जुन्या पुरवठादारास ग्राहक जात असल्याची वर्दी मिळाल्यावर हरकत घेण्याची मुभा असते. ग्राहकाकडे बाकी असणे हे त्या हरकतीचे एक मान्य कारण आहे.

हरकतीच्या मर्यादा

ही हरकत मनास येईल तशी घेता येत नाही. पुरवठादाराच्या परवान्यातच तिच्या अटी घातलेल्या आहेत. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत त्यांतील पहिली अट मुदतीची आहे. बाकीची लेखी मागणी होऊन २८ दिवस लोटले आणि तरीही ती भरली गेली नाही, तरच बदली रोखता येते. बाकी त्याहून अलीकडची असेल तर ग्राहकास जाऊ द्यावे लागते, आणि ती रक्कम जुन्या पुरवठादाराच्या शेवटच्या बिलात धरली जाते.

दुसरी अट दोषाची आहे. बाकी पुरवठादाराच्याच चुकीमुळे झाली असेल, उदाहरणार्थ चुकीचे बिल दिले गेले असेल, तर तिच्या आधारे ग्राहकास अडवता येत नाही. येथे बिल कसे तयार होते हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. मीटर वाचणारा मनुष्य घरी न आल्यास, अथवा घर बंद आढळल्यास, पूर्वीच्या वापरावरून अंदाजे आकडा धरून बिल काढले जाते. असे अंदाज कित्येक महिने कमी धरले गेले आणि मग एके दिवशी खरे वाचन झाले, म्हणजे मोठ्या रकमेचे बिल एकदम घरात येऊन पडते. ग्राहकाने प्रत्येक बिल वेळेवर भरलेले असते आणि तरीही तो थकबाकीदार ठरतो. या प्रकारास आळा घालण्यासाठी मे २०१८ पासून ऑफजेमने असा नियम लागू केला की, चूक पुरवठादाराची असेल तर १२ महिन्यांहून जुन्या वापराचे पैसे घरगुती ग्राहकाकडून मागता येणार नाहीत.

तिसरी अट रकमेची असून ती प्रीपेड मीटरच्या ग्राहकांपुरती आहे. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

कोंडी कोणाची होते

वरवर पाहता ही व्यवस्था रास्त वाटते. आधीचे पैसे चुकते करावेत आणि मग खुशाल जावे, असे कोणीही म्हणेल. परंतु प्रत्यक्षात तिचा भार कोणावर पडतो हे पाहिले पाहिजे. ज्याच्या हाती पैसा आहे, तो बाकी भरून दुसऱ्याच दिवशी स्वस्त दर देणाऱ्याकडे जातो. ज्यास बाकी भरता येत नाही, तो महाग दराच्या करारात अडकून पडतो. महाग दरामुळे पुढील बिल मोठे येते आणि बाकी आणखी वाढते. अशा रीतीने स्वस्त दराची ज्यास सर्वाधिक निकड असते, त्याच्यासाठीच दार बंद होते.

दरांतील हा फरक क्षुल्लक नव्हता. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जून २०१६ मध्ये दीर्घ चौकशीअंती जो अहवाल दिला, त्यात असे नमूद केले की, बाजारात खरी चुरस असती तर ग्राहकांस जे द्यावे लागले असते, त्यापेक्षा त्यांनी वर्षाला सरासरी सुमारे १.४ अब्ज पौंड अधिक मोजले होते. सहा मोठ्या कंपन्यांचे बहुसंख्य घरगुती ग्राहक कधीही न बदललेल्या, चालू व महाग दरावरच राहिले होते. त्यांपैकी पुष्कळांनी आपण होऊन चौकशी केली नव्हती हे खरे; परंतु ज्यांना जावयाचे होते आणि जाता येत नव्हते, असेही त्यांत होते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाकडे २४० पौंड बाकी आहे आणि ते आठवड्याला ५ पौंडांप्रमाणे ती फेडीत आहे. बाकी फिटण्यास ४८ आठवडे लागतील. नव्या पुरवठादाराच्या दराने त्याचे आठवड्याला २ पौंड वाचले असते, तर या मुदतीत ते कुटुंब ९६ पौंड अकारण अधिक भरते. उलट त्यास जाऊ दिले आणि वाचलेले २ पौंडही फेडीकडे वळविले, तर आठवड्याला ७ पौंडांनी तीच बाकी ३५ आठवड्यांत फिटते. म्हणजे ग्राहकास अडकवून ठेवल्याने केवळ त्याचेच नुकसान होते असे नाही. देणे फिटण्याचा दिवसही लांबतो.

देण्यासह बदली

प्रीपेड मीटर वापरणाऱ्यांची स्थिती याहून बिकट असते. त्यांच्या घरी मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागतात. भरलेली रक्कम संपली की दिवे बंद. मागील बाकी असल्यास पुरवठादार मीटरमध्येच अशी योजना करतो की, भरलेल्या पैशांतून ठराविक रक्कम बाकीपोटी कापली जावी. हातात १० पौंड आले आणि ते मीटरमध्ये घातले, तरी १० पौंडांची वीज मिळत नाही. थंडीच्या दिवसांत, वापर अधिक असताना, अशी घरे काही तास अथवा काही दिवस अंधारात व गारठ्यात राहतात. त्यांची जोडणी कोणी तोडलेली नसते, त्यामुळे जोडण्या तोडल्याच्या हिशेबात ही घरे कोठेही दिसत नाहीत.

अशा ग्राहकांसाठी ब्रिटनने एक मार्ग काढला. त्यात ग्राहक आपल्या देण्यासह नव्या पुरवठादाराकडे जातो. नवा पुरवठादार ते देणे आपल्या अंगावर घेतो, जुन्याशी ठरल्या रीतीने हिशेब करतो आणि पुढील वसुली आपल्या मीटरमधून करतो. देणे मिटत नाही, फक्त धनको बदलतो. आपल्याकडे गृहकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेतात, त्यासारखाच हा प्रकार होय. या सवलतीची मर्यादा प्रारंभी लहान होती. २०१२ मध्ये ती २०० पौंडांवरून ५०० पौंडांवर नेण्यात आली. ही मर्यादा वीज व गॅस यांस स्वतंत्रपणे लागू असल्याने, दोन्ही मीटर प्रीपेड असलेल्या घरास प्रत्येकी ५०० पौंडांपर्यंतच्या बाकीसह जाता येते.

ही योजना कागदावर सुबक असली तरी प्रारंभी तिचा लाभ फार थोड्यांस मिळाला. ग्राहकाने अर्ज करावा, जुन्या पुरवठादाराने हरकत घ्यावी, मग ग्राहकास पत्र जावे, त्याने पुन्हा संमती द्यावी, दोन्ही कंपन्यांनी आकडे ताडून पाहावेत, अशा पायऱ्या चढता चढता पुष्कळांचे अर्ज मध्येच थांबत. ज्यांच्यासाठी ही सोय होती, त्यांच्यापैकी अनेकांस ती आहे हेच ठाऊक नव्हते. हक्क देणे आणि तो हाती पडेल अशी व्यवस्था करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हा बोध यातून घेण्यासारखा आहे.

पुरवठादारांची बाजू

पुरवठादारांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. काहीच अटकाव नसेल तर एखादा ग्राहक एका कंपनीची बाकी ठेवून दुसरीकडे, दुसरीची ठेवून तिसरीकडे जाईल. बुडालेली रक्कम कंपनी आपल्या खिशातून भरीत नाही. ती अखेरीस नियमितपणे बिल भरणाऱ्यांच्या माथी येते. ही भीती केवळ काल्पनिक नाही. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले, एकामागून एक लहान पुरवठादार बुडाले आणि घरगुती बिले दुपटीकडे गेली. २०२३ अखेर ब्रिटनमधील घरगुती ग्राहकांची वीज-गॅसची एकूण बाकी सुमारे ३ अब्ज पौंडांवर पोहोचली होती. त्या बुडीत रकमेची तरतूद म्हणून ऑफजेमने एप्रिल २०२४ पासून एका वर्षासाठी घरगुती बिलांत २८ पौंडांची वाढ मान्य केली. ज्यांनी एकही बिल चुकविले नव्हते त्यांनाही ती द्यावी लागली.

परंतु वसुलीची घाई कोठवर जाऊ शकते हेही याच काळात दिसून आले. बाकीदारांच्या घरात न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर शिरून बळेच प्रीपेड मीटर बसविण्याचे प्रकार वाढले. आजारी, वृद्ध व लहान मुले असलेली घरेही त्यातून सुटली नव्हती, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड झाल्यावर ऑफजेमने हे काम थांबवावयास लावले. नोव्हेंबर २०२३ पासून त्यासंबंधी सक्तीचे नियम लागू झाले. आधार देणारे कोणी नसलेले ७५ वर्षांवरील वृद्ध आणि २ वर्षांखालील बालके असलेली घरे यांत असे मीटर बळेच बसविण्यास मनाई झाली.

याचा अर्थ असा की, अटकाव अजिबात नको आणि अटकाव अमर्याद असावा, ही दोन्ही टोके टाकाऊ आहेत. मधला मार्ग तीन प्रश्नांनी आखता येतो: बाकी कोणाच्या चुकीने झाली, किती झाली आणि किती दिवसांची आहे. ब्रिटनमधील नियमांतील चुकीच्या बिलाची, ५०० पौंडांची व २८ दिवसांची अट ही अनुक्रमे या तीन प्रश्नांचीच उत्तरे होत.

घर बदलल्यास देणे कोणाचे

या तीन प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न आहे: देणे मुळात कोणाचे? ब्रिटनमध्ये ते माणसाचे असते, घराचे नसते. भाडेकरू घर सोडून गेला तर त्याची बाकी त्याच्या मागे जाते. नव्या रहिवाशाने ती भरावयाची नसते. तथापि प्रीपेड मीटर असलेल्या घरात येथेही चकवा आहे. जुन्या रहिवाशाच्या बाकीची कपात मीटरमध्ये तशीच चालू राहिली असेल, तर नवा रहिवासी नकळत दुसऱ्याचे देणे फेडू लागतो. म्हणून घरात पाऊल टाकताच मीटरचा आकडा टिपून आपण केव्हा राहावयास आलो हे पुरवठादारास कळवावे, असा सल्ला तेथील ग्राहकांस दिला जातो.

आपल्याकडील स्थिती

भारतात बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकास वीज पुरवठादार निवडता येत नाही. गोव्यात सरकारचे वीज खाते आणि इतर बहुतेक राज्यांत त्या त्या भागाची वितरण कंपनी वीज देते. याला ठळक अपवाद मुंबईच्या उपनगरांचा. तेथे दोन परवानाधारकांचे क्षेत्र एकमेकांवर येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २००८ रोजी टाटा कंपनीचा किरकोळ ग्राहकांस वीज देण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दुसऱ्या कंपनीच्या तारांवरूनच पुरवठादार बदलण्याची वाट मोकळी केली. आधीच्या पुरवठादाराची बाकी चुकती करणे हा प्रश्न तेथेही बदलीच्या वाटेवर होताच. एकाच क्षेत्रात अनेक पुरवठादार असावेत अशी तरतूद करणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत न होता २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपुष्टात आले.

विजेच्या बाबतीत निवड नसली तरी दूरध्वनीच्या बाबतीत ती आपल्या अंगवळणी पडली आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. वापरानंतर बिल भरणाऱ्या ग्राहकाने मुदत उलटलेले बिल भरले नसेल, तर जुनी कंपनी त्याची बदली रोखू शकते. म्हणजे थकबाकीची हरकत ही कल्पना आपल्यालाही अगदी परकी नाही.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे ही अडचण दुसऱ्या रूपाने समोर येते. एखादा मनुष्य घर विकत घेतो अथवा लिलावात गाळा घेतो, जोडणीसाठी अर्ज करतो आणि त्यास सांगितले जाते की, आधीच्या मालकाची बाकी भरल्याखेरीज वीज मिळणार नाही. येथे अडवला जाणारा मनुष्य थकबाकीदारही नसतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ अन्वये मागेल त्यास वीज देणे हे वितरकाचे कर्तव्य आहे. मग अशी अट घालता येते काय?

१९९५ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याचा आधार नसताना लिलावात मालमत्ता घेणाऱ्यावर आधीच्या ग्राहकाची बाकी लादता येत नाही, असा निर्णय दिला होता. पुढे निरनिराळ्या राज्यांनी आपल्या नियमांत तशी अट घातली आणि वाद वाढले. केरळ राज्य वीज मंडळाविरुद्धच्या व इतर अपिलांवर १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकत्रित निर्णय दिला. नियमांत अथवा पुरवठा संहितेत स्पष्ट तरतूद असेल, तर नवी जोडणी देताना त्या जागेची जुनी बाकी भरण्याची अट घालणे वैध आहे, असे न्यायालयाने ठरविले. वीज देण्याचे कर्तव्य निरपवाद नाही, नियमांच्या चौकटीत आहे, हा त्यामागील विचार होय.

या अटीसही मर्यादा घालता येते, हे महाराष्ट्राच्या २००५ च्या विद्युत पुरवठा संहितेत दिसते. जागेचा ताबा कायदेशीर वारसाखेरीज अन्य व्यक्तीकडे गेला, तर तिच्यावर येणारे जुने देणे कमाल ६ महिन्यांच्या बिलांपुरतेच राहील, अशी तरतूद त्या संहितेने केली. 'किती' या प्रश्नाचे हे आपल्याकडील उत्तर होय.

'किती दिवसांची' या प्रश्नाचे उत्तर अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये आहे. बाकीसाठी जोडणी तोडावयाची झाल्यास किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम प्रथम देय झाल्यापासून २ वर्षे उलटली आणि त्या काळात ती बिलावर थकबाकी म्हणून सतत दाखविली गेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. राजस्थानातील एका ग्राहकास दराच्या वर्गवारीत चूक झाल्याने २००९ ते २०११ या काळाची वाढीव मागणी २०१४ मध्ये करण्यात आली होती. १८ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चूक ध्यानात आल्यावर रक्कम मागण्यास व अन्य कायदेशीर मार्गाने ती वसूल करण्यास वितरकास मोकळीक आहे, परंतु मुदत टळल्यावर तिच्यासाठी जोडणी तोडण्याचे हत्यार उगारता येणार नाही. २०२३ च्या निर्णयातही वसुलीसाठी दावा लावणे आणि वीज तोडणे हे दोन स्वतंत्र उपाय असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. देणे एक आणि दाराची कडी दुसरी, हा भेद यात पुन्हा दिसतो.

ग्राहकाने काय करावे

पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

१. बिल हाती येताच त्यावरील आकडा मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावा. ३१ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालेल्या ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनहून अधिक अंदाजे बिले देता येत नाहीत.

२. बिल चुकीचे वाटल्यास ते न भरता स्वस्थ बसू नये. लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कलम ५६ नुसार मागितलेली रक्कम, किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत राखून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

३. रक्कम मोठी असून एकदम भरणे शक्य नसेल, तर नोटिशीची मुदत संपण्याआधीच हप्त्यांसाठी लेखी अर्ज करावा. मुदत टळल्यावर केलेल्या अर्जास तितके बळ राहत नाही.

४. घर, दुकान वा शेतातील पंपाची जोडणी विकत घेण्यापूर्वी वीज कार्यालयातून थकबाकी नसल्याचा दाखला विक्रेत्याकडून मागून घ्यावा. घर सोडताना शेवटचे वाचन करवून खाते बंद करावे अथवा नवीन रहिवाशाच्या नावे करून द्यावे.

५. कार्यालयात दाद न लागल्यास कलम ४२ अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. तेथील निर्णय मान्य नसल्यास विद्युत लोकपालाकडे अर्ज करता येतो.

पुष्कळ घरांत बिल येते, पण ते वाचता येणारे कोणी नसते. गावातील शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून एकदा घरचे बिल वर्गात वाचून घेतले, मागील व चालू आकड्यांची वजाबाकी करविली आणि 'थकबाकी' या रकान्यात काय आहे ते पाहावयास शिकविले, तर गणिताचा तास कारणी लागेल आणि घरचेही काम होईल. वीज कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीही बाकीदारास केवळ रक्कम न सांगता ती कोणत्या महिन्यांची आहे, ती कशी झाली आणि हप्ते मिळतील की नाही, एवढे तरी सांगावे. अशाने निम्मे वाद खिडकीपाशीच मिटतील.

बाकी बुडविणाऱ्याची पाठराखण कोणीही करणार नाही. परंतु बाकी आहे म्हणून वाटेल तितक्या रकमेसाठी, वाटेल तितके दिवस, आणि प्रसंगी दुसऱ्याच्याच देण्यापायी एखाद्या घराची कोंडी करणे हा वसुलीचा न्याय्य मार्ग नव्हे. देणेकऱ्याने देणे मान्य करावे आणि घेणेकऱ्याने हिशेब उघडा ठेवावा, एवढे झाले तर वसुलीही होईल आणि घरातील दिवाही जळत राहील.